माथेरानचे ब्रिटिशकालीन बंगले : इंग्रजी नगरगृहाच्या संदर्भात एक वास्तुविचार

प्रस्तावना

रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर वसलेले माथेरान हे महाराष्ट्रातील एक प्रमुख थंड हवेचे ठिकाण होय. पर्यटनस्थळ म्हणून त्याची ख्याती सर्वदूर आहे. परंतु तेथील जुन्या बंगल्यांकडे वास्तुशास्त्रीय व सामाजिक दस्तऐवज म्हणून पाहण्याचा प्रयत्न मराठीत फारसा झालेला दिसत नाही. या बंगल्यांविषयी लिहिताना ‘इंग्रजांनी आपल्या देशातील घरे येथे आणून उभी केली’ असे सरसकट विधान केले जाते. इंग्लंडमधील नगरगृह आणि माथेरानमधील बंगला यांची रचना शेजारी शेजारी ठेवून पाहिली असता हे विधान टिकत नाही. इंग्रज अधिकाऱ्याने मायदेशातून घराचा आराखडा आणला नाही. त्याने आणली ती घरातील माणसांची उतरंड आणि जमीन धारण करण्याची पद्धत. आराखडा मात्र त्याला येथील पावसाकडून, दगडाकडून आणि कारागिरांकडून घ्यावा लागला.

हा भेद केवळ सैद्धांतिक नाही. आज या बंगल्यांच्या जतनाचा प्रश्न ऐरणीवर आहे आणि नेमके काय जतन करावयाचे, याचे उत्तर बंगला म्हणजे काय या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे. प्रस्तुत लेखात प्रथम इंग्रजी नगरगृहाची घडण, त्यानंतर माथेरानच्या वसाहतीचा आरंभ, बंगल्याची रचना, त्यामागील साहित्य व श्रम, आणि शेवटी जतनाचा प्रश्न या क्रमाने विवेचन केले आहे.

१. इंग्रजी नगरगृहाची घडण

अठराव्या शतकातील इंग्रजी नगरगृह हे मूलतः उभे घर होते. रस्त्याकडेची जागा महाग असल्यामुळे घराची दर्शनी रुंदी कमी आणि खोली अधिक असे. शेजारच्या घराशी भिंत सामाईक असल्याने उजेड व हवा केवळ पुढील आणि मागील बाजूंनीच येत असे. १६६६ च्या भीषण आगीनंतर लंडनच्या पुनर्बांधणीसाठी १६६७ साली जो कायदा झाला, त्याने लाकडी घरांऐवजी विटांची घरे बंधनकारक केली. १७७४ च्या इमारत कायद्याने घरांचे आकारमान व मूल्य यांनुसार वर्ग पाडले आणि प्रत्येक वर्गासाठी भिंतीची जाडी ठरवून दिली. आज आपल्याला लंडनच्या जुन्या चौकांतील घरांमध्ये जे शिस्तबद्ध सारखेपण दिसते, त्यामागे सौंदर्यदृष्टीइतकाच आगीचा धाक आणि कायद्याचा हात आहे.

या घराची अंतर्रचना मजल्यांनुसार ठरत असे. तळघरात स्वयंपाकघर व कोळशाची कोठी, तळमजल्यावर भोजनगृह, पहिल्या मजल्यावर सर्वांत उंच छताचा, मोठ्या खिडक्यांचा दिवाणखाना, त्यावर शयनगृहे आणि अगदी छपराखाली नोकरांच्या खोल्या. बाहेरून पाहणाऱ्यास खिडक्यांच्या उंचीवरूनच कोणत्या मजल्याचा मान किती, हे कळून येई. बाथ या नगरातील ‘रॉयल क्रेसेंट’ हे या प्रकाराचे सुप्रसिद्ध उदाहरण होय. धाकट्या जॉन वुड या वास्तुरचनाकाराच्या आराखड्यानुसार १७६७ ते १७७५ या काळात बांधलेल्या या अर्धवर्तुळाकार रांगेत तीस घरे आहेत. पुढून सर्व एकसारखी, मागून मात्र प्रत्येक मालकाच्या मर्जीप्रमाणे निरनिराळी.

आणखी दोन बाबी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे खिडकीवरील कर. १६९६ साली बसविलेला हा कर १८५१ साली रद्द झाला. उजेड हीसुद्धा पैसे मोजून घ्यावयाची वस्तू होती, आणि कर चुकविण्यासाठी खिडक्या विटांनी बुजविल्याची उदाहरणे आजही पाहावयास मिळतात. दुसरी बाब म्हणजे जमिनीचा भाडेपट्टा. लंडनमधील मोठ्या जमीनदार घराण्यांनी आपली जमीन विकली नाही. ती दीर्घ मुदतीच्या, पुष्कळदा ९९ वर्षांच्या, पट्ट्याने दिली. घर बांधणाऱ्याचे, जमीन जमीनदाराची. आणि मुदत संपताच दोन्हीही जमीनदाराची, अशी ही व्यवस्था होती. या दोन्ही बाबी माथेरानच्या संदर्भात पुन्हा येतील.

२. चौक ते माथेरान : वसाहतीचा आरंभ

मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइन्ट्झ मॅलेट यांचा मुक्काम डोंगराच्या दक्षिण पायथ्याशी असलेल्या चौक या गावी होता. चौक आज खालापूर तालुक्यात मोडते. तेथून ते डोंगर चढून गेले. माथ्यावरील सपाटी, सावली व गारवा पाहून त्यांनी तेथे वस्ती करण्याचा विचार केला आणि पुढच्याच वर्षी स्वतःसाठी ‘बाईक’ नावाचे घर बांधावयास घेतले. इंग्लंडमध्ये खिडकीवरील कर रद्द झाला, तेच हे १८५१ साल. हा निव्वळ योगायोग असला तरी दोन घरपद्धतींमधील अंतर दाखविण्यास तो पुरेसा बोलका आहे. कॅप्टन बार यांचे ‘बार हाऊस’ हेही आरंभीच्या घरांपैकी एक. १८५३ ते १८६० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी माथेरानला आश्रय दिला आणि ‘एल्फिन्स्टन लॉज’ उभे राहिले.

या घटनेचे वर्णन ‘माथेरानचा शोध’ असे करण्याचा प्रघात आहे. तो तपासून घेण्यासारखा आहे. माथ्यावर व उतारांवर धनगर, ठाकूर व कातकरी यांचा वावर पूर्वापार होता. डोंगरावर जाणाऱ्या वाटा त्यांच्या नित्य पायाखालच्या होत्या. ‘माथ्यावरील रान’ हे नाव मुळातच पायथ्याच्या लोकांनी दिलेले आहे. इंग्रजांनी टेकडीच्या टोकांना लुईसा, अलेक्झांडर, गार्बट अशी नावे दिली. तरी चौक व रामबाग ही नावे त्यांनाही तशीच ठेवावी लागली. म्हणून १८५० साली जे घडले ते शोध नसून एका वापरातील डोंगराचा नवा वापर होय, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

वसाहतीच्या वाढीस रेल्वेने गती दिली. १८५३ साली मुंबई–ठाणे मार्ग सुरू झाला आणि १८५६ साली रूळ नेरळ, कर्जतवरून खोपोलीपर्यंत पोहोचले. बोरघाटातील मार्ग खुला होण्यास १८६३ साल उजाडले. तोपर्यंत खालापूर भागातील खोपोली हेच या बाजूचे अंतिम स्थानक होते. मुंबईहून नेरळपर्यंत आगगाडी आणि तेथून पुढे घोडा, पालखी किंवा पायी, असा प्रवास यामुळे शक्य झाला. नेरळ–माथेरान ही दोन फूट रुंदीची, सुमारे २० किलोमीटर लांबीची लहान रेल्वे मात्र अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांच्या पुढाकाराने १९०४ मध्ये बांधावयास घेतली जाऊन १९०७ मध्ये सुरू झाली. म्हणजे पहिली पन्नासहून अधिक वर्षे माथेरानमधील प्रत्येक तुळई, प्रत्येक काच आणि प्रत्येक पलंग माणसाच्या डोक्यावरून अथवा जनावराच्या पाठीवरून वर गेला, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

प्रशासकीय दृष्ट्या माथेरान तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. म्हणूनच १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये त्याची माहिती सापडते. १८९१ साली कर्जत तालुका कुलाबा जिल्ह्यास जोडला गेला आणि १९८१ साली कुलाब्याचे नाव रायगड झाले. अभ्यासकाला जुने कागद शोधताना हा बदल लक्षात ठेवावा लागतो. अन्यथा कागद असूनही ते हाती लागत नाहीत.

३. आडवे घर : बंगल्याची रचना

‘बंगला’ हा शब्द मुळात बंगालमधील घरावरून आला, हे सर्वश्रुत आहे. उंच जोते, एकच मजला, चारी बाजूंनी उतरते छप्पर आणि भोवती व्हरांडा ही त्याची प्रमुख लक्षणे होत. माथेरानचे जुने बंगले याच जातीचे आहेत. नगरगृह उभे, तर बंगला आडवा. नगरगृहास पुढे रस्ता व दोन्ही बाजूंना शेजाऱ्याची भिंत. बंगल्यास चोहोबाजूंनी मोकळी जागा आणि अंजनी, जांभूळ, हिरडा यांची दाट सावली. नगरगृह रस्त्याला तोंड देते, बंगला रस्त्यापासून दूर झाडीत सरकतो. फाटकापासून वळणाने आत जाणारी तांबड्या मातीची पायवाट हा त्याच्या रचनेचाच भाग असतो.

या बदलाचे पहिले कारण म्हणजे पाऊस. माथेरानमध्ये वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. त्याबरोबर पश्चिमेकडून वाऱ्याची झड येते. दर्शनी भिंत उघडी ठेवणारे, छपराचा उतार कठड्यामागे दडविणारे नगरगृह येथे एका हंगामातही तग धरू शकले नसते. म्हणून छप्पर पुढे आले, वळचण खोल झाली आणि पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर पडू लागले. व्हरांडा ही केवळ चहा पिण्याची जागा नव्हे. ती भिंतीची छत्री आहे. पावसाळ्यापूर्वी झडीच्या बाजूला गवताचे वा झावळ्यांचे झाप बांधण्याची कोकणातील रीत याच छत्रीला पूरक ठरते.

दुसरा बदल खिडकीचा. नगरगृहातील वरखाली सरकणाऱ्या काचेच्या तावदानांची जागा येथे व्हरांड्यात उघडणाऱ्या उंच दारांनी घेतली. बाहेरून झिलमिलीची झडप, आतून काचेचे दार, आणि वरती गरम हवा बाहेर जाण्यासाठी झरोका, अशी त्याची तिहेरी रचना दिसते. जेथे उजेडावर कर होता त्या देशातून आलेल्या माणसाला येथे उजेड अडविण्याची व्यवस्था करावी लागली. त्याचप्रमाणे नगरगृहाच्या प्रत्येक प्रमुख खोलीचे केंद्र असलेली शेगडी येथे गौण ठरली आणि घराचे केंद्र व्हरांड्यात आले.

परंतु एक गोष्ट बदलली नाही. ती म्हणजे सेवकांचे स्थान. नगरगृहात सेवक तळघरात राबत आणि छपराखाली झोपत. बंगल्यात हीच उतरंड आडवी पसरली. पुढे व्हरांडा, मग दिवाणखाना व भोजनगृह, बाजूंना शयनगृहे. मागे काही अंतरावर स्वतंत्र स्वयंपाकघर आणि त्याही मागे नोकरांच्या खोल्यांची रांग. शयनगृहाला जोडलेल्या न्हाणीघरास बाहेरून उघडणारे एक वेगळे दार ठेवण्याची पद्धत वसाहतकालीन बंगल्यांत रूढ होती. पाणी आणणारा भिस्ती आणि मैला वाहून नेणारा सफाई कामगार यांनी घरातून न जाता त्या दाराने यावे, हा त्यामागील हेतू. येथे इंग्रजी वर्गभेद आणि भारतीय जातिभेद एकाच चौकटीत बसलेले दिसतात. माथेरानचा बंगला वाचताना दर्शनी कमानीइतकेच हे मागचे दारही वाचले पाहिजे.

हा घरप्रकार पुढे उलट दिशेने गेला, ही बाबही उल्लेखनीय आहे. इंग्लंडच्या केंट परगण्यात वेस्टगेट-ऑन-सी येथे १८६९–७० च्या सुमारास समुद्रकिनारी सुटीसाठी बंगले बांधण्यात आले आणि तेथून तो शब्द व तो प्रकार इंग्लंडमध्ये रूढ झाला. तेव्हा वास्तुप्रकारांचा प्रवास एकमार्गी असतो, हा समज या एका उदाहरणानेच बाधित होतो.

४. साहित्य आणि श्रम

माथेरानचा डोंगर मुळात बेसाल्टचा असून त्याच्या माथ्यावर जांभ्याचा थर आहे. हा जांभा भिंतींसाठी सहज उपलब्ध होता. ताज्या खाणीतून काढताना तो मऊ असतो व हवा लागल्यावर कठीण होतो, त्यामुळे चिरे पाडणे सोपे जाते. तथापि तो सच्छिद्र असल्याने पाणी शोषतो; म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा आणि वर खोल वळचण या दोन्हींची गरज भासते. चुन्याचा गिलावा भिंतीतील ओल बाहेर पडू देतो. अशा भिंतीवर नंतर सिमेंटचा गिलावा दिला असता ओल आतच कोंडली जाते, चिरा पोकळ होत जातो आणि काही वर्षांनी गिलावा पापुद्र्यांनी सुटू लागतो. अनेक जुन्या वास्तूंचे नुकसान दुर्लक्षाने नव्हे, तर अशा चुकीच्या दुरुस्तीने होते.

छपराच्या बाबतीत कालक्रम पाहणे उद्बोधक ठरते. मंगळूर येथे बाझेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ साली सुरू झाला. तेव्हा माथेरानच्या पहिल्या दीड दशकातील घरांवर मंगलोरी कौले असणे शक्य नव्हते. गवत किंवा देशी नळीची कौले हाच पर्याय होता. आज ‘मूळ’ समजले जाणारे मंगलोरी कौलांचे छप्पर हा नंतरचा टप्पा आहे आणि त्यानंतर आलेला लोखंडी पत्रा हा त्यापुढचा. मूळ स्वरूप जपणे म्हणजे कोणत्या टप्प्याचे स्वरूप जपणे, हा प्रश्न यातून उद्भवतो.

बांधकामाच्या ज्ञानाचा विचार करता पायथ्याच्या गावांतील घरांकडे पाहणे अगत्याचे आहे. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचे लिंपण, पुढे पडवी व ओसरी आणि झडीच्या बाजूस खाली उतरवलेले पाखे, ही कर्जत–खालापूर भागातील घरांची परंपरागत रीत होय. साहेबाच्या व्हरांड्याचा आणि ठाकुराच्या पडवीचा सामाजिक अर्थ भिन्न असला तरी पावसाला दिलेले उत्तर एकच आहे. ते उत्तर ज्या हातांना अवगत होते, त्या हातांची नावे बंगल्यांच्या फाटकांवर कोरलेली नाहीत.

श्रमाचा हा प्रश्न केवळ इतिहासजमा झालेला नाही. माथेरानमध्ये खासगी मोटारींना मज्जाव आहे. वाहने दस्तुरी नाक्यापाशी थांबतात. पुढील वाहतूक दीर्घकाळ घोडे, हमाल व हातरिक्षा यांवर चालत आली. माणसाने माणसाला ओढून नेण्याची ही प्रथा सहा महिन्यांत बंद करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. ज्या शांततेचे कौतुक पर्यटक करतात, तिची किंमत कोणी मोजली, याचे स्मरण या आदेशाने करून दिले आहे.

५. भाडेपट्टा : न दिसणारा पाया

माथेरानच्या बंगल्यांखालील जमीन प्रायः शासनाने पट्ट्याने दिलेली आहे. लंडनच्या जमीनदाराची जी भूमिका होती, ती येथे सरकारने घेतली. घराचा आराखडा समुद्र ओलांडताना पूर्णतः बदलला. पट्ट्याची कल्पना मात्र जवळजवळ जशीच्या तशी आली. मुंबईचे पारशी, बोहरी व हिंदू व्यापारी पुढे या बंगल्यांचे धारक झाले, तरी जमिनीचे स्वरूप बदलले नाही.

या व्यवस्थेचा घराच्या आयुष्यावर थेट परिणाम होतो. पट्ट्याची मुदत व नूतनीकरणाच्या अटी स्पष्ट असल्या, तर धारक दुरुस्तीवर खर्च करतो. त्या अनिश्चित असल्या, तर छपराचे फुटके कौलही बदलण्यास तो धजावत नाही. कौल्याच्या एका भेगेतून आलेले पाणी वाशाला आणि वाशावरून भिंतीला लागते. वारसांची संख्या वाढत जाणे, त्यांचे दूर शहरांत स्थायिक होणे आणि पावसाळ्यातील चार महिने घर बंद राहणे ही कारणे त्यात भर घालतात. परिणामी काही बंगले हॉटेल म्हणून तगले, तर काही कुलूपबंद अवस्थेत खचत आहेत.

६. जतनाचा प्रश्न

४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेद्वारे केंद्र शासनाने माथेरान व भोवतालचा २१४ चौरस किलोमीटरहून अधिक प्रदेश पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला. या अधिसूचनेत नैसर्गिक वारशाबरोबरच मानवनिर्मित वारशाची नोंद व जतन यांचाही अंतर्भाव आहे. वास्तू आणि वन यांचा एकत्र विचार हे तिचे महत्त्वाचे वैशिष्ट्य होय.

मात्र जतन म्हणजे दर्शनी भागाचे जतन, ही कल्पना नगरगृहाच्या अनुभवातून आलेली आहे. रॉयल क्रेसेंटसारख्या रांगेत दर्शनी भिंत हीच सार्वजनिक वस्तू असते. मागे काय आहे, हे रस्त्यावरून दिसत नाही. हाच निकष बंगल्याला लावल्यास अनर्थ होतो. पुढचा व्हरांडा रंगवून ठेवला, मागचे स्वयंपाकघर व नोकरांच्या खोल्या पाडून तेथे तीन मजली इमारत उभी केली, जांभळाची झाडे तोडली आणि पायवाटेवर ठोकळे बसविले, तर बंगला ‘वाचला’ असे कागदोपत्री म्हणता येईल. प्रत्यक्षात तो संपलेला असेल. जोते, व्हरांडा, मागील वास्तू, झाडांची सावली आणि पाणी मुरू देणारी मातीची वाट या पाच घटकांचे मिळून माथेरानचे घर होते. यातील एक काढले तरी उरलेल्या चारांचा अर्थ बिघडतो.

समारोप

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, माथेरानचा बंगला हे इंग्रजी नगरगृहाचे प्रतिरूप नसून पाऊस, जांभा व स्थानिक कारागिरी यांनी घडविलेला वेगळा घरप्रकार आहे. दुसरा, त्या घरात इंग्रजी समाजाची उतरंड आणि भाडेपट्ट्याची पद्धत मात्र टिकून राहिली. म्हणून त्याच्याकडे केवळ निसर्गरम्य अवशेष म्हणून पाहता येत नाही. तिसरा, त्याच्या जतनाचा निकष दर्शनी भाग नव्हे, तर संपूर्ण आवार हा असला पाहिजे.

या कामी परिसरातील महाविद्यालयांना मोठा वाव आहे. इतिहास विभागाला ठाणे व कुलाबा या दोन्ही जिल्ह्यांच्या दप्तरांतील पट्ट्यांचे कागद पाहता येतील. भूगोल व वनस्पतिशास्त्र विभागांना आवारांतील पाणी व वृक्ष यांची नोंद घेता येईल. समाजशास्त्र विभागाला घोडेवाले, हमाल, माळी आणि बंगल्यांचे राखणदार यांच्या आठवणी टिपता येतील. मराठी विभागापुढील काम तर सर्वांत निकडीचे आहे. आढे, पाखे, कोनवासा, वळचण, झाप हे शब्द ज्यांच्या तोंडी आहेत ते गवंडी व सुतार आता वृद्ध झाले आहेत. मोजमापाची टेप आणि नोंदवही घेऊन एका पावसाळ्याच्या आधी दहा विद्यार्थी एका बंगल्याची पूर्ण नोंद करू शकतात. छप्पर कोसळल्यानंतर तीच नोंद करण्यास कितीही निधी मिळाला, तरी तो निरुपयोगी ठरेल.